फिरकीचा तांब्या

बाई, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात, त्याहून मी आता म्हातारी झाले. गुडघे गेले, दात बसवून घेतले, आणि अजून तुमच्यासमोर उभं राहायचं म्हणलं की पाठ आपोआप ताठ होती. हे पत्र मी दुपारची जेवणं उरकल्यावर लिहून राह्यले. सून जरा आडवी झालीय, नात शाळेत गेलीय आणि माझ्यासमोर तिच्या शाळेतून आलेला कागद पडलाय. पोरींची सहल निघालीय. त्याच किल्ल्यावर. घरच्या मोठ्या माणसाची सही पाहिजे. सून म्हणली, आत्याबाई, तुमीच करा, तुमी शाळेतल्या. तीन दिवस झाले, कागद तसाच पडून. नात रोज विचारती, केली का सही? मी सांगते, चष्मा सापडत न्हाई. चष्मा नाकावरच असतो. पोरगी हसती, तिला वाटतं आजीला विसर पडून राह्यला. बरंच आहे, तसं वाटू दे.

तुम्ही जालन्याला आलात तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेल्तं. शाळेच्या भिंतीवरच्या उर्दू पाट्यांवर मराठी अक्षरं रंगवली होती आणि खालचा जुना रंग पावसाळ्यात परत वर यायचा. तुम्ही हैद्राबादच्या. शिकलात उर्दूत, शिकवायचं मराठीत, म्हणून तुमच्या बोलण्यात जल्दी, बराबर, बिलकुल असं सगळं आपसूक यायचं आणि आम्हाला ते आमचंच वाटायचं. मी परतूरजवळच्या आष्टीची. बापानं मला मोठ्या हौसेनं जालन्याला आत्याकडं शिकायला ठेवल्तं, आणि भावकीनं त्याला वेड्यात काढल्तं. सातवीच्या वर्गात पंधरा-वीस पोरी, त्यातल्या निम्म्या कधी लग्न होऊन जातील त्याचा नेम नव्हता. मला तुमचा पहिला दणका बसला तो भूगोलाच्या वहीवरून. मी नकाशात डोंगर काढले होते, एकसारखे तिकोनी, दुसऱ्या पोरीच्या वहीतनं बघून. तुम्ही वही हातात धरून विचारलंत की डोंगर पाह्यलास का कधी. आष्टीला कुठला डोंगर? चहूकडं काळी सपाट जमीन, कापूस आणि ज्वारी. मी मान हलवली. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणलात, "मंग पाह्यल्यासारखं काढलंस कसं? जे पाह्यलं न्हाई ते पाह्यलं म्हणून लिहायचं, याला खोटं म्हणतात." माझे कान लाल झाले. तुम्हाला माझे कान दिसले असावेत, कारण दुसऱ्याच दिवशी तुम्ही वर्गात आलात आणि सांगितलंत की या पोरींना डोंगर दाखवायचा. सहलीचं मूळ ते. माझ्या वहीतले ते तिकोनी डोंगर.

पोरींची सहल ही गोष्ट जालन्यानं तोवर ऐकलेली नव्हती. पोरं जायची, पोरींनी कशाला जायचं? तुम्ही दारोदार फिरलात. उन्हात छत्री घेऊन, चपलेचा अंगठा तुटला तर दोऱ्यानं बांधून. कुणी म्हणलं, बाई, तुम्हाला लेकरं न्हाईत, तुम्हाला काय समजणार. ते तुम्ही ऐकून घेतलंत. माझ्या आत्यानं तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही गेल्यावर म्हणली की बाई चांगली आहे, पण हिचं डोकं जाग्यावर न्हाई. सहल थंडीत निघायची होती. परवानगीचा कागद या टेबलावरनं त्या टेबलावर गेला, परत आला, पुन्हा गेला. सही होऊन हातात पडला तेव्हा परीक्षा संपल्या होत्या आणि चैत्र लागला होता. पुढच्या वर्षी निम्म्या पोरी शाळेत नसतील, म्हणून तुम्ही आत्ताच न्यायचं ठरवलंत. आमच्याकडचं चैत्रातलं ऊन तुम्हाला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण तुम्हाला घाई होती, बाई. तुमची चूक म्हणायची तर तेवढीच, आणि त्या चुकीचं मोल तुम्ही जन्मभर मोजलंत.

माझी मैत्रीण मारवाड्यांची. जैन. तीन पिढ्यांपास्नं जालन्यात, मस्तगड मोहल्ल्यात त्यांचं घर, खाली दुकान, वर माणसं. मराठी तिचं माझ्याहून शुद्ध होतं. तिची चैत्राची ओळी चालू होती. तो त्यांचा नऊ दिवसांचा नेम. दिवसातनं एकदाच बसून जेवायचं, त्यात तूप न्हाई, मीठ न्हाई, तिखट न्हाई, आणि पाणी प्यायचं ते उकळून गार केलेलंच. त्याला पक्कं पाणी म्हणायचे. बिनउकळलेलं ते कच्चं, ते ओठाला लावायचं न्हाई, सूर्य मावळल्यावर तर कुठलंच न्हाई. ओळीतला सातवा दिवस आणि सहल एकाच दिवशी आले. आई म्हणली, एकतर ओळी सोड, न्हाईतर सहल सोड. पोरीनं दोन्ही सोडलं न्हाई, दोन दिवस रडली. मंग तुम्ही त्यांच्या घरी गेलात. मी बरोबर होते. तिचा बाप गादीवर बसलेला, तुम्ही दाराशी. तुम्ही म्हणलात, तिचं पाणी तिच्यासोबत येईल, त्याची जिम्मेदारी माझी. आणि बाहेर पडल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणलात, "पाणी तुझ्याकडं. तू डोक्यावर घागर घेऊन चालणारी पोर. तुझ्या हातनं थेंब सांडायचा न्हाई." तो हात मला अजून आठवतो. माझ्यावर कुणी भरवसा टाकायची ती पहिलीच वेळ.

सहलीच्या दिवशी उजाडता उजाडता मी तिला घ्यायला मस्तगडला गेले. त्यांच्या सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राह्यले. आत सगळं लखलखीत, पितळेच्या भांड्यात तोंड दिसंल असं. तिच्या आईनं फिरकीचा तांब्या काढून ठेवला होता. चांगला मोठा, गळ्याला आटे पाडलेले, झाकण फिरवून घट्ट बसवायचं. एकदा बसवलं की तांब्या उलटा केला तरी पाणी येत न्हाई. तिनं पक्कं पाणी गाळून तांब्यात भरलं, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि झाकण आणायला वळली. मी मदत म्हणून तांब्या उचलून धरला. माझी बोटं काठाला लागली असतील. ती वळली, तिनं पाह्यलं, आणि तांब्या माझ्या हातातनं घेतला. पाणी मोरीत ओतलं. राखेनं तांब्या घासला, आतनं बाहेरनं, मंग विसळला, आणि नव्यानं पाणी भरून, झाकण लावून, कपड्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवला. हसली पण. म्हणली, बेटा, वाट बघायला लावली तुला. आणि जाताना एक लाडू दिला, हात वर धरून, माझ्या ओंजळीत वरून सोडला. आता हे वाचून तुम्ही म्हणाल, त्यात विशेष काय. बराबर आहे. आष्टीला आमच्या अंगणात माझी आजी दुसऱ्यांना असंच वरून वाढायची, आणि ते मी रोज पाह्यलेलं. त्यांची रीत होती, तिची आई वाईट नव्हती. मला काही वाटलं न्हाई.

गाडीत पोरींनी जी धमाल केली ती तुम्हाला आठवत असंल. कोळशाची कुसळं डोळ्यात जाऊन राह्यली तरी एकीनं खिडकी सोडली न्हाई. औरंगाबाद आलं आणि डोंगर दिसायला लागले. शहराच्या पाठीशी, मंग उजवीकडं, मंग डावीकडं, जिकडं पाहावं तिकडं. तिकोनी नव्हतेच ते. कुणी बसका, कुणी माथ्यावर सपाट, एखादा अर्धा कापून घेतल्यासारखा. तुम्ही माझ्याकडं बघून भुवई उडवलीत, म्हणजे बघ, वहीत कसे काढले होतेस. दौलताबादला उतरून आम्ही चालत किल्ल्यापर्यंत गेलो. तट, दरवाजांवरचे खिळे, तो उंच मिनार, तोफा, खंदकातलं हिरवं पाणी, सगळं तुम्ही थांबून थांबून दाखवत होतात. शाळेचा शिपाई सतरंजी आणि जेवणाचे डबे घेऊन मागं. पहिल्या दरवाजाजवळच्या विहिरीवर सगळ्यांनी पाणी पिऊन घेतलं. माझी मैत्रीण लांब सावलीत उभी राह्यली आणि मी तिला तांब्यातलं पाणी दिलं. तिनं वरून धार धरून घोटभरच घेतलं. म्हणली, पुरवायला पाहिजे, दिवस मोठा आहे. तिला एकच ध्यास होता, शेंड्यावर जायचं. मला विचारत होती, वरनं जालना दिसंल का गं? आमचं छप्पर दिसंल? मी म्हणले, दिसंल की. मी तरी कुठं पाह्यलं होतं.

खंदक ओलांडला की ती अंधारी लागती. डोंगराच्या पोटातनं वळत वळत वर जाणारी वाट, आत हात दिसत न्हाई. पुढं एक माणूस मशाल घेऊन, मागं पोरी एकमेकींच्या पदराला धरून, डोक्यावर वटवाघळं. पोरी किंचाळत होत्या, हसत होत्या. शिपाई डबे घेऊन मशालीबरोबर पुढं गेला होता, मी सगळ्यांत शेवटी होते. मशालीचा उजेड वळणापलीकडं गेला आणि मी तिथं भिंतीला टेकले. घसा कोरडा पडलेला, उन्हातनं चालून अंगाची काहिली झालेली. मी तांब्याचं झाकण फिरवलं आणि तोंड लावून प्याले. वरनं न्हाई, तोंड लावून. दोन घोट, तीन घोट. एवढंच. मंग मला कळलं मी काय केलं ते. पाणी उष्टं झालं.

आता हे नीट सांगते, कारण इथंच सगळं आहे. ते पाणी मी तसंच तिला दिलं असतं तर तिला काय कळणार होतं? ती प्याली असती आणि संध्याकाळी घरी गेली असती. आज तीही कुणाची तरी आजी झाली असती, माझ्यासारखे दात बसवून. पण आमच्या डोक्यात भरलेलं ते वेगळंच. ओळीतल्या पोरीला उष्टं पाणी पाजायचं म्हणजे केवढं पाप. तिचा नेम माझ्या हातनं बाटला, तर ते कुठं फेडू? चोरून पिताना मला पाप आठवलं न्हाई, पाजायच्या वेळी आठवलं. म्हणून मी काय केलं तर तांब्या तिरका करून उरलेलं सगळं पाणी भिंतीवर ओतून टाकलं. हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून. आणि मंग झाकण लावलं. घट्ट, तीनही आटे फिरवून. आईनं लावलेली सवय, भांडं उघडं ठेवायचं न्हाई. रिकाम्या तांब्याला घट्ट झाकण. अंधारात काय करतोय ते हाताला कळतं, डोक्याला कळत न्हाई.

अंधारी संपून वर उजेडात आलो की पायऱ्या सुरू होतात. ऊन नुसतं दगडातनं वर येत होतं. निम्म्या वाटेवर तिनं पाणी मागितलं. मी म्हणले, सांडलं गं अंधारात, झाकण ढिलं राह्यलं असंल. मंग तिनं माझाच हात दाबला. म्हणली, "जाऊ दे. बाईंना सांगू नकोस, त्या मला इथनंच माघारी नेतील." बघा बाई, माझं खोटं तिनं लपवून ठेवलं, डोंगर बघायचा म्हणून. आणि मी हायसं वाटून तिच्या मागनं पायऱ्या चढायला लागले. वर बारादरी म्हणून महाल आहे, तिथं सगळ्या पोरींनी डबे सोडले. ती घरी जाऊन, दिवस मावळायच्या आधी जेवणार होती, म्हणून बाजूला बसली. तिचं तोंड लालबुंद झालेलं, पण घाम नव्हता. घाम न्हाई म्हणजे बरं असं मला वाटलं. तुम्ही तिला विचारलंत की बरं आहे ना. ती म्हणली, बिलकुल. तुमचाच शब्द, तुमच्यासारखाच म्हणली, आणि पोरी हसल्या.

शेंड्यावर ती मोठी तोफ आहे तिथं ती पोचली. पोचली हे मी मुद्दाम लिहिते. तिनं तोफेला हात लावला आणि चहूकडं पाह्यलं. डोंगर, त्यामागं डोंगर, धुरकट शहर. जालना कुठल्या बाजूला, तिनं विचारलं. मी अशीच एक दिशा दाखवली. मंग ती मारवाडीत काहीतरी बोलायला लागली, तिच्या आईला हाक मारल्यासारखं, आणि मी म्हणले, चेष्टा करू नको. ती तोफेच्या सावलीत खाली बसली आणि कलंडली. तुम्ही धावत आलात. अंगाला हात लावलात आणि तव्याला लागावा तसा मागं घेतलात. तिचं पाणी आण, म्हणलात. मी तांब्या पुढं केला. म्हणले, सांडलं. तुम्ही तांब्या हातात घेतला. झाकण नुसतं हातात आलं न्हाई, फिरवावं लागलं. एक आटा, दोन आटे, तीन आटे. आत बघितलंत. मंग माझ्याकडं बघितलंत. ती नजर किती वेळ होती मला सांगता येत न्हाई.

पुढचं सगळं तुमच्याच हातनं झालं. शिपायाला किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्यावर पिटाळलंत, तो डबा भरून पाणी घेऊन आला. तुम्ही तिच्या डोक्यावर, छातीवर पाणी ओतलंत. ओठाला लावलंत तर तिनं ओठ घट्ट मिटले. शुद्ध हरपत होती, पण एवढं तिला कळत होतं. कच्चं, म्हणली. बाई, कच्चं. तुम्ही पोरींना काटक्या गोळा करायला लावल्या, डब्याच्या झाकणात पाणी तापायला ठेवलंत. तापेपर्यंत, निवेपर्यंत कुठला धीर. शेवटी तुम्ही तिचा जबडा दाबून तोंड उघडलंत आणि टाक्यातलं पाणी घातलंत. घालताना म्हणलात, "पाप माझ्या माथ्यावर, बेटी. तू पी." थोडं आत गेलं, थोडं गालावरनं ओघळलं. सतरंजीची झोळी करून तिला खाली आणलं. त्याच अंधारीतनं. मशालीच्या उजेडात एका जागी भिंत अजून ओली होती, आणि तिच्याजवळनं झोळी गेली. मी पाह्यलं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, वटवाघळांची जागा, ओल असतीच. खाली तांगा उभा केला होता, औरंगाबादच्या दवाखान्यात न्यायला. तांग्यात चढवायच्या आधीच ती गेली.

शाळेत बैठक बसली त्या दिवशी मी दाराबाहेर, खांबाला धरून उभी होते. शाळेची मोठी मंडळी, तिचा बाप, आणि तुम्ही एकट्या उभ्या. तिचा बाप रागावला न्हाई. पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं. तो म्हणला, "बाई, एक तांब्या पाणी होतं. तेवढं संभाळता आलं न्हाई?" तुम्ही म्हणलात, "पाणी माझ्याकडं होतं. माझ्या हातून सांडलं." मी तिथं होते, बाई. चार पावलांवर. मला आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. तुम्ही मान वळवलीत, मी दिसले, आणि तुम्ही हनुवटीनं मला खूण केलीत, जा म्हणून. आणि मी गेले. तुम्ही सांगितलं म्हणून गेले असं मी पुष्कळ वर्षं म्हणून घेतलं. तुम्ही खूण केली नसती तरी मी आत आले नसते. तिच्या आईला पोरीच्या मरणाइतकंच दुसरंही लागलं. जाताजाता माझ्या पोरीचा नेम मोडला, तिच्या तोंडात कच्चं पाणी घातलं, असं ती भेटंल त्याला सांगून राह्यली, कपाळ बडवत. गावानं ते उचललं. दुसऱ्या महिन्यात तुमची नोकरी गेली. तिच्या दोन्ही धाकट्या बहिणींचं नाव शाळेतनं काढलं, त्यांच्यासोबत आणखी सहा पोरी गेल्या. एवढ्या उन्हात छत्री घेऊन तुम्ही जमवलेल्या पोरी.

तुम्ही निघालात त्या सकाळी मी तुमच्या खोलीवर आले. वळकटी बांधलेली, ट्रंक भरलेली. मला वाटलं आता तुम्ही बोलाल. मला तर ते हवंच होतं, एकदाचं तुम्ही बोलावं, थोबाडीत मारावी, म्हणजे सुटले असते. तुम्ही मला दोन गोष्टी दिल्यात. एक चिठ्ठी, की ही मुलगी हुशार आहे, हिला मास्तरणीच्या शिक्षणाला घ्यावं. त्या चिठ्ठीवर माझी सगळी हयात गेली. आणि दुसरा तो तांब्या. तिच्या घरच्यांनी परत घेतला न्हाई, मेल्या पोरीचा तांब्या डोळ्यासमोर नको म्हणले. तुम्ही तो चिंचेनं घासून लख्ख केल्ता. म्हणलात, हा तुझ्याकडं राहू दे. झाकण लावलेलं होतं, घट्ट. मी तो उराशी धरून घरी आणला, आत्यानं विचारलं तर म्हणले, बाईंनी बक्षीस दिलं.

मी नोकरी केली, परतूरला, मंग पुन्हा जालन्याला, पेन्शन खाल्ली. पोरी माझ्या हाताखालनं गेल्या तेवढ्या गेल्या, सहलीला मात्र मी एकदाही कुणाला नेलं न्हाई. कुणी विषय काढला की माझी पाठ दुखायची. दुसऱ्या मास्तरणी म्हणायच्या, बाईंना उन्हाचं फार भ्या. हैद्राबादनं तुमचं एक कार्ड आल्तं, माझं लग्न झालं त्या वर्षी. कुणाच्या तरी घरी मुलं शिकवून राह्यले, तब्येत मामुली आहे, कधी यावंसं वाटलं तर ये. त्यात त्या दिवसाचा एक शब्द नव्हता. मी उत्तर लिहायला बसले, बाई म्हणून सुरुवात केली आणि पुढं हात चालेना. आज लिहीन, उद्या लिहीन करता करता तुमच्या भावाचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं, तुम्ही गेल्याचं. मी आंघोळ केली, आणि त्या दिवशी पाणी प्याले न्हाई. दुपारपर्यंत टिकले. मंग प्याले. तिनं किती वेळ काढला असंल ते मला तेव्हा कळलं.

आता नातीचा कागद. सही मी आज करणार. तिला सांगणार की तुझं पाणी तुझ्याच खांद्याला ठेव, कुणाकडं देऊ नको आणि कुणाचं घेऊ नको. ती म्हणंल, आजी, बाटली असती प्रत्येकीची. असू दे. तांब्या फळीवर आहे, सून दिवाळीला सगळी पितळ घासती, तोही घासती. तिला झाकण उघडत न्हाई, म्हणती जाम झालंय, आत्याबाई, तेल सोडू का? मी म्हणते, राहू दे. हे पत्रही कुठं पाठवायचं म्हणलं तर तुमचा पत्ता नव्हता तेव्हाही मी लिहिलं न्हाई, होता तेव्हाही न्हाई. घडी घालून ठेवून देईन.

पण एक राह्यलं. ते लिहिल्याशिवाय घडी घालता यायची न्हाई, न्हाईतर हेही त्या नकाशासारखंच होईल. वर मी लिहिलं की अंधारीत माझा घसा कोरडा पडला होता. सगळा जन्म मी स्वतःला हेच सांगितलं. पहिल्या दरवाजाच्या विहिरीवर मी पोटभर पाणी प्याले होते, बाई, अर्ध्या तासापूर्वी. त्या सकाळी तिच्या आईनं माझ्यासमोर तांब्या राखेनं घासला ना, त्याचं मला काही वाटलं न्हाई असं मी लिहिलं. वाटलं होतं. अंधारात मी त्या काठाला तोंड लावलं ते तेवढ्यासाठी. मला तहान लागलेली नव्हती.